हाइनबर्गवरचा चार टनांचा गोळा

जर्मनीत ग्योटिंगेनला शिकायला येणारी आपली मुलं पहिल्याच आठवड्यात गणितज्ञ गाऊसचा पुतळा बघून घेतात, आणि ते योग्यच आहे. घरून कुणी आलं की मी मात्र त्यांना गावाशेजारच्या हाइनबर्ग टेकडीवर नेते. तिथे बीचच्या झाडीत जुनी भूकंप वेधशाळा आहे, आवारात एक उंच मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी 4 टन वजनाचा पोलादी गोळा. जमिनीला मुद्दाम हादरा देऊन खालचे थर ओळखण्याचं जे शास्त्र मी शिकले, ज्यावर माझं पोट चालतं, त्याची सुरुवात या गोळ्यापाशी झाली असं मी मानते.

1898 मध्ये या विद्यापीठात भूभौतिकशास्त्राची संस्था उभी राहिली. भूभौतिकशास्त्राचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद इथलंच, आणि ते एमिल वीशर्ट यांच्याकडे आलं. त्यांनी बनवलेले भूकंपमापक आजही हाइनबर्गवर चालू आहेत. त्यातल्या एकाचा लंबक 17 टनांचा आहे. कागदावर दिव्याच्या ज्योतीची काजळी धरायची, तो कागद फिरत्या नळकांड्यावर चढवायचा आणि बारीक सुईने ती काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत राहायची, अशी त्यांची नोंद. रेघ पुसली जाऊ नये म्हणून कागद नंतर लाखेच्या द्रावणातून काढतात. दूर कुठेतरी जमीन हलली की ती रेघ थरथरते. वीशर्ट यांचे विद्यार्थी बेनो गुटेनबर्ग यांनी अशाच नोंदींवरून 1913 मध्ये पृथ्वीचा गाभा सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर सुरू होतो हे दाखवून दिलं.

वीशर्ट यांच्याकडे शिकायला आलेला लुडगर मिन्ट्रॉप मात्र खाणीतला माणूस होता. जन्म 1880, एसेनजवळचा, पेशाने खाणमोजणीदार. त्याने प्रबंधासाठी विषय घेतला तोही कारखान्यातला: मोठं गॅस इंजिन चालताना आसपासची जमीन कशी हादरते. त्याच काळात, 1908 मध्ये, त्याने हा गोळा 14 मीटर उंचीवरून खाली टाकायला आणि दूर ठेवलेल्या उपकरणांवर त्याचा हादरा नोंदवायला सुरुवात केली.

वेधशाळा सांभाळणारी संस्था ठरावीक रविवारी तो गोळा लोकांसमोर पुन्हा टाकते. पाटणचे माझे मामा आले होते तेव्हा आम्ही दोघं दोरीच्या अलीकडे उभे होतो. गोळा सुटला, धप्पकन आदळला आणि तळपायातून हादरा गेला. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, सदुसष्टला पहाटं जमीन हलली तवा धक्का कुठनं आला, किती लांबनं आला, कुणालाच कळंना. हितं सगळं डोळ्यासमोर."

मामांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप असो की कुठलाही नैसर्गिक भूकंप, तो नेमका कधी आणि कुठे सुरू झाला हे आधी शोधून काढावं लागतं. गोळा पडतो तेव्हा वेळही माहीत असते आणि जागाही. मग अज्ञात उरते फक्त मधली जमीन. मिन्ट्रॉपचं मोठेपण माझ्या मते इथे आहे, पुढे त्याच्या पद्धतीने सापडलेल्या तेलात नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा कुठून डागल्या जातात हे जमिनीच्या कंपनांवरून ओळखण्यासाठी त्याने वाहून नेता येतील असे भूकंपमापक तयार केले. 1919 मध्ये खडकांचे थर शोधण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि 1921 मध्ये हॅनोव्हरला साइस्मोस ही कंपनी काढली. गोळ्याची जागा आता सुरुंगाने घेतली. लाट खालच्या कठीण थरापर्यंत जाते, त्याच्या कडेकडेने वेगात धावते आणि वर येते; पुरेशा अंतरावर ती सरळ आलेल्या लाटेच्या आधी पोचते. त्या वेळेच्या फरकावरून थराची खोली काढता येते. स्फोटाचा हवेतून येणारा आवाजही वाया जात नसे. त्याचा वेग ठाऊक असल्यामुळे उपकरण स्फोटापासून किती लांब आहे ते त्यावरून काढत. 1924 मध्ये टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ ऑर्चर्ड इथे साइस्मोसच्या तुकडीने गल्फ या तेल कंपनीसाठी जमिनीखालचा मिठाचा घुमट असाच शोधून दिला; अशा घुमटांच्या आसपास तेल साठलेलं असू शकतं. ओक्लाहोमात कार्चर हा भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी 1921 पासून परावर्तित, म्हणजे थरावर आदळून परत येणाऱ्या, लाटांवर काम करत होते, आणि आज तेलाचा शोध मुख्यतः त्याच वाटेने चालतो.

मिन्ट्रॉपच्या पद्धतीला एक अट आहे: खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान हवा. आपल्या सह्याद्रीत नेमकी पंचाईत होते. वर बेसॉल्टचा कातळ, ज्यातून लाट सेकंदाला पाच-साडेपाच किलोमीटर धावते. त्याखाली गाळाचे जुने खडक असतील तर ते सहसा त्याहून मंद, आणि अशा थरातून पहिली येणारी लाट मिळतच नाही. मडकं वाजवून पारखावं तर ते दुसऱ्या जाड मडक्यात ठेवलेलं, अशी गत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा रेषांवर सुरुंग लावून कोयना परिसराखालचं पृथ्वीचं कवच तपासलं. ते काम आजही आम्हाला वाचावं लागतं.

कोयनेला रासाटीत बोअर घेतलं तेव्हा सुमारे 930 मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी नाइस हा कठीण पायाचा खडक, गाळाचा खडक नाहीच. पण एका बोअरवरून सगळ्या दख्खनच्या पठाराबद्दल बोलता येत नाही, आणि प्रत्येक तालुक्यात किलोमीटरभर खोल बोअर घेणं परवडणारंही नाही. म्हणून कातळाखालून कमी कंप्रतेच्या, म्हणजे सावकाश कंप पावणाऱ्या, लाटा कशा वाचायच्या, त्यांना गुरुत्व आणि विद्युत मोजणीची जोड कशी द्यायची, यावर काम चाललं आहे. माझंही त्यातच चाललं आहे.