आयबुकवर जीनी: आयकॉनच्या वाटेत रस्ट

मागच्या नोंदीत आयबुक जी४ या ॲपलच्या जुन्या यंत्रावरील आपल्या ३२-बिट पॉवरपीसी प्रोसेसर आणि मसल (लहानशी सी लायब्ररी) यांवरच्या लिनक्स वितरणावर जीटीके ३.२४ (खिडक्या-बटणे रेखाटणारी लायब्ररी) उभे राहिल्याचे लिहिले होते, आणि जीनी २.० हा कोड-संपादक आठवडाभरात चालू होईल असेही म्हटले होते. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. जीनी स्वतः विनातक्रार कंपाइल झाला. अडले ते जीटीकेच्या प्रोग्रामांना आयकॉन पुरवणाऱ्या अद्वैता आयकॉन थीम ३.३८ पाशी.

कॉन्फिगरची (लागणारी साधने आहेत का हे तपासण्याची) पायरी सुरळीत पार पडली, प्रत्यक्ष बांधणी करणारे मेक मात्र प्रतिमेचे स्वरूप ओळखता येत नसल्याचे सांगून थांबले. दोन संध्याकाळी मी मसलवर आणि बिग-एंडियनवर (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या क्रमावर) संशय घेण्यात घालवल्या. शेवटी जीटीकेसाठी प्रतिमा वाचणाऱ्या पिक्सबफ लायब्ररीच्या लोडरांची यादी काढली, तेव्हा तीत पीएनजी आणि जेपीईजी होते, एसव्हीजी (आकारांच्या वर्णनातून बनणारी प्रतिमा) नव्हते. सिम्बॉलिक (एकरंगी) आयकॉनचे पीएनजी करणारे साधन जीटीकेबरोबरच येते, म्हणून कॉन्फिगरला ते सापडते. परंतु एसव्हीजी वाचण्याचे काम ते पिक्सबफच्या लोडरवर सोपवते, आणि तो लोडर लिबआरएसव्हीजी या एसव्हीजी रेखाटणाऱ्या लायब्ररीकडून येतो. कॉन्फिगरने हे तपासायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

लिबआरएसव्हीजीत २.४१ पासून, म्हणजे २०१७ पासून, रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा आहे. बाहेरून आलेल्या फाइली वाचणाऱ्या लायब्ररीसाठी ही निवड मला योग्यच वाटते. अडचण आपल्या बाजूची आहे: आपले टार्गेट (प्रोसेसर आणि सी लायब्ररीची जोडी) रस्टच्या तिसऱ्या, सर्वांत कमी आधाराच्या श्रेणीत असल्यामुळे तयार बायनरी मिळत नाहीत, रस्टचा कंपायलर बांधायला आधीचा रस्ट कंपायलर लागतो, आणि त्यामागोमाग एलएलव्हीएम हा कंपायलरचा पायाही येतो. दीड जीबी रॅमच्या यंत्रावर ते बांधण्याचा विचार मी सोडला; दुसऱ्या लॅपटॉपवरील क्रॉस-कंपाइलही (तिथे आयबुकसाठी बांधणेही) दोन रात्रींनंतर लिंकिंगला अडकले.

मग लिबआरएसव्हीजी २.४०.२१ घेतली, जी शुद्ध सीमधील शेवटची आवृत्ती आहे. तिच्यासाठी लिबक्रोको ही सीएसएस वाचणारी लायब्ररी लागते, आणि लिबक्रोकोकडेही आता कोणी पाहत नाही. तरीही दोन्ही आयबुकवर कंपाइल झाल्या, लोडर यादीत आला आणि टर्मिनलवर १६ पासून ९६ पिक्सेलपर्यंतचे आयकॉन एकामागून एक तयार होताना पाहून फार समाधान वाटले. त्याच रात्री जीनीत लोहित फॉन्टमध्ये ‘वैशिष्ट्य’ टंकले आणि ‘ष्ट्य’ नीट जुळून उमटले.

मूळ बेत ही जुनी लिबआरएसव्हीजी वितरणात ठेवण्याचा होता. पण नोंद इथवर लिहीत असतानाच लक्षात आले की आपल्याला लायब्ररी नको आहे, तिच्याकडून निघणारे पीएनजी हवे आहेत. आणि पीएनजीतील पूर्णांक मानकानुसारच बिग-एंडियन असल्यामुळे ती फाइल कोणत्याही प्रोसेसरवर तशीच वाचली जाते. म्हणून लगेच लॅपटॉपवर, आधुनिक लिबआरएसव्हीजी वापरून, तीच थीम बांधली आणि आयबुकवरील संचाशी ताडून पाहिली: आकार सगळे सारखे, फरक काय तो कडांवरील काही पिक्सेलांचा.

त्यामुळे आता थीमचे वेगळे, आर्किटेक्चर-निरपेक्ष पॅकेज लॅपटॉपवरच बांधले जाईल आणि २.४०.२१ व लिबक्रोको दोन्ही वितरणाच्या रेसिपींतून (बांधणीच्या सूचनांतून) काढल्या जातील. एसव्हीजी थेट उघडणारे प्रोग्राम तूर्त बाजूला राहतील, हे मला मान्य आहे. पुढच्या आठवड्यात लोडर काढून टाकून वितरणातील पॅकेजांचा संपूर्ण वृक्ष नव्याने बांधणार आहे, म्हणजे त्याच्यावर न सांगता विसंबणारी आणखी पॅकेजे असतील तर तीही उघडी पडतील.