तुम्ही विचारलंत म्हणून: फ्यूजनने मुंबईला काय मिळणार?

ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची चिमणी दिसली की कुणीतरी विचारतंच, "फ्यूजन आलं की बिल किती कमी होईल हो?"

बिल सोडा. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत खुद्द होमी भाभांनी भाकीत केलं होतं की दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा, म्हणजे सूर्यासारखी हलके अणू जोडून मिळणारी, काबूत येईल. सत्तर वर्षं झाली. हसा खुशाल. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या ईटर या प्रायोगिक फ्यूजन यंत्राचं ध्येय ५० मेगावॅट देऊन ५०० मेगावॅट उष्णता काढायचं आहे, पण विजेसाठी तिथे टर्बाइनच नाही. ड्यूटेरियम-ट्रिटियम या खऱ्या इंधनाचे प्रयोग नव्या वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये.

पण विजेच्या आधी काम येतं, आणि ते आलेलं आहे. भारत ईटरमधला आपला वाटा बहुतेक मालाच्या रूपात देतो. ईटरचं क्रायोस्टॅट, म्हणजे ३,८५० टनांचं स्टेनलेसचं भांडं, ५४ भागांत गुजरातेत सुरतजवळ हजीऱ्याला बनलं. असले अवजड भाग रस्त्याने फार लांब नेता येत नाहीत, किनाऱ्यावर जेट्टी लागते. म्हणून हजीरा.

यावर मी पूर्वी फुशारकीने म्हणायचो, तुर्भ्यापासून भोसरीपर्यंत वेल्डर काय कमी आहेत? छोट्या भागांची ऑर्डर येऊ द्या, झालंच.

इतकं सोपं नाही, हे ईटरच्याच थर्मल शील्डने दाखवलं. तापलेलं इंधन धरून ठेवणाऱ्या चुंबकांना उणे २६९ अंशांवर ठेवायचं, तर आजूबाजूची उष्णता अडवायला चांदीचा मुलामा दिलेले पत्रे लागतात. त्यांच्यावर वेल्ड केलेल्या नळ्यांतून थंड हीलियम फिरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीक टेस्टला एक भाग गळला. वाकवताना आणि वेल्ड करताना नळीत ताण राहिला होता. वेल्डजवळच्या बारीक खोबणीत क्लोरीनचे अवशेष अडकले होते. ताण आणि क्लोराइड एकत्र आले की स्टेनलेस आतून चिरत जातं, वरून चकचकीत दिसत राहतं. चिरा २.२ मिलीमीटरपर्यंत खोल गेल्या होत्या. एक नळी बदलून भागलं नाही. २३ किलोमीटर नळ्या बदलायचं ठरलं आणि यंत्राच्या खड्ड्यात बसवलेला अख्खा भाग पुन्हा उचलून बाहेर काढावा लागला. धुण्यात राहिलेली एक कसर!

आता आपला गाळा पाहा. साध्या लोखंडावर फिरलेलं ग्राइंडिंग व्हील तसंच एसएसवर, म्हणजे स्टेनलेसवर. हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून दाबाच्या चाचणीला, बोअरचं पाणी, नंतर नळी वाकडी ठेवून 'सुकेल आपोआप'. त्यात खाडीची खारी हवा. या कामाला एसएससाठी वेगळी जागा, वेगळे ब्रश, डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), गरम कोरड्या हवेने सुकवणं, प्रत्येक जोडावर वेल्डरचा नंबर आणि शेवटी हीलियम लीक टेस्ट लागते. वेल्डिंग त्यातला लहानसा तुकडा.

हे ऐकून गाळेवाले चिडतात, आणि त्यांचंही चुकत नाही. तीन-तीन महिने बिल अडकलेल्या माणसाला मी लीक डिटेक्टर घ्या म्हणतो! पण तोच डिटेक्टर एसीच्या कॉइलला, व्हॅक्यूम भट्टीला, औषध कंपनीच्या भांड्यालाही चालतो, म्हणून घ्या म्हणतो. कर्ज काढून मात्र नाही. ब्रश आणि डीएम वॉटर उद्यापासून.