बाबांची धोतरं, दसऱ्याचा झेंडू आणि एक दुपटं

भाचीला मार्चअखेरची तारीख दिलीय. बारशाला काय न्यायचं हा प्रश्न मी सप्टेंबरातच सोडवून टाकला: दुपटं. हाताने शिवलेलं, आणि त्यातले सगळे रंग फुलांचे. बाजारातल्या रंगाची पुडी फोडायची नाही. हा नियम शेवटी एका जागी मोडला, ते पुढे येईलच.

सप्टेंबर, पहिला आठवडा

कापड घरातलंच. कपाटात बाबांची दोन धोतरं तशीच घडी करून ठेवलेली होती. वर्षानुवर्षं धुऊन इतकी मऊ झालेली की नवीन मलमल त्यापुढे खरखरीत वाटावी. कोरडी वजन केली तर ५६० ग्रॅम भरली. वजन लिहून ठेवायचं, कारण पुढचं सगळं माप त्याच्यावर चालतं.

जुनं कापड स्वच्छ असतं हा आपला समज. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून दीड तास उकळलं तर पाणी फिक्क्या चहासारखं झालं. खळ, नीळ, साबण, घाम, काय काय निघालं. ही पायरी टाळली की रंगाचे डाग-डाग पडतात आणि आपण बिचाऱ्या फुलाला नावं ठेवतो.

मग हिरडा. सुती धाग्यावर तुरटी एकटी नीट बसत नाही. रेशमाचं आणि लोकरीचं तसं नाही, ती तुरटीला लगेच धरतात. सुतासाठी आधी तुरट रसाचा थर द्यावा लागतो. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणली, कापडाच्या वजनाच्या १५ टक्के म्हणजे ८४ ग्रॅम, कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवलं. सकाळी पिळून वाळत घातलं. धुवायचं नाही, नुसतं पिळायचं.

इथे घोळ झाला. दोरीवर मुलांचे गणवेश होते म्हणून मी एक धोतर गॅलरीच्या ग्रिलवर टाकलं. ग्रिल लोखंडी, रंगाचे पोपडे उडालेलं. संध्याकाळी काढायला गेले तर साय-पिवळ्या कापडावर काळ्या-करड्या आडव्या पट्ट्या, तुरुंगाच्या गजांसारख्या. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो हे मला पाठ होतं. मीच दोन वर्षांपूर्वी काळ्या रंगासाठी मुद्दाम खिळे-गूळ कुजवले होते! पण ग्रिल म्हणजे लोखंड हे काही डोक्यात आलं नाही. पट्ट्या धुऊन गेल्या नाहीत, जाणारही नव्हत्या. तेवढा तुकडा बाजूला ठेवला.

उरलेल्याला तुरटी. खडा खलबत्त्यात कुटला, पुन्हा ८४ ग्रॅम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवला आणि कापड रात्रभर त्यात.

सप्टेंबर ते ऑक्टोबर, रोज सकाळी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला पारिजातक आहे. पहाटे सडा पडतो आणि आठच्या आत झाडूवाल्या मावशी तो लोटून टाकतात, म्हणून सव्वासहाला वाटी घेऊन खाली. रंग पाकळ्यांत नाही, केशरी देठात आहे. केशराच्या काड्यांत जो रंग असतो त्याच कुळातलं द्रव्य या देठात असतं, म्हणून तर त्याची छटा इतकी हुबेहूब केशरी. पूर्वी यावर रेशीम रंगवत.

एकेक फूल चिमटीत धरून देठ खुडायचा. दोनशे फुलं खुडायला अर्धा तास जातो आणि वाळल्यावर हाताशी येतो जेमतेम अर्धा ग्रॅम. तीन आठवड्यांनी मिठाईच्या छोट्या डबीत १२ ग्रॅम देठ जमले. मावशी रोज विचारायच्या, "ताई, एवढा हार कुणाला?" शेवटी शेवटी त्यांनीच एक कोपरा माझ्यासाठी न झाडता ठेवायला सुरुवात केली.

१२ ग्रॅममध्ये धोतर रंगत नाही. आईच्या फाटलेल्या रेशमी साडीच्या पांढऱ्या अस्तराचा २० ग्रॅमचा तुकडा तुरटीत भिजवून ठेवला होता, तो मंद आचेवर अर्धा तास देठांच्या पाण्यात ठेवला. बाहेर काढला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने "अगं बाई" म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

झेंडू विकत घ्यायचा असेल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात जा. न खपलेले ढीग असतात, विक्रेत्यांना ते परत न्यायचे नसतात. मी पिशवीभर मागितली, त्यांनी पोतं दिलं. दारावरची तोरणंही होतीच.

फुलांचे रंग वेगळे करत बसू नका, पिवळा काय नि भगवा काय. डोळ्याला दिसणारा भगवेपणा बराचसा तेलात विरघळणारा असतो, तो पाण्यात उतरत नाही. पाण्यात उतरतो तो दुसराच पिवळा, आणि तो दोन्हींत असतो. हिरवं देठ आणि खालची वाटी मात्र काढा, त्याने पिवळा मळकट होतो. माझ्या मुलीने टीव्हीसमोर बसून सव्वा किलो पाकळ्या सुट्या केल्या, मोबदला ठरवून.

पातेलं स्टीलचं. कल्हई उडून तळ उघडा पडलेलं पितळेचं किंवा लोखंडी पातेलं नको, रंग बिघडतो. पाकळ्या पाण्यात पाऊण तास मंद शिजवल्या. खळखळा उकळी आणली तर पिवळ्यात तपकिरी झाक येते, म्हणून कडेला बारीक बुडबुडे दिसतील एवढीच आच. गाळून घेतलं, त्यात ओलं कापड सोडलं, तासभर अधूनमधून हलवत राहिले, आणि गॅस बंद करून रात्रभर तसंच.

सकाळी निघाला तो हळदीच्या जवळचा पण हळदीसारखा ओरडणारा नाही असा पिवळा. त्यातला निम्मा कपडा मी वेगळा केला. बादलीभर पाण्यात दोन चमचे लोखंडाचं पाणी (गंजके खिळे, गूळ आणि पाणी, बरणीत तीन आठवडे) टाकून त्यात तो बुडवला. मोजून दोन मिनिटांत पिवळ्याचा मेंदी झाला. डोळ्यासमोर बदलतो हो, दर वेळी मी लहान मुलीसारखी बघत बसते. लोखंड जास्त झालं तर काही वर्षांत धागा कुजतो, तेव्हा गडद करायचा मोह आवरा, विशेषतः बाळाच्या कापडाला.

एकाच फुलाचे दोन रंग मिळाले. दुपट्याचा बहुतेक भाग यातच भागला.

गोकर्ण

पटकन सांगते. निळी गोकर्ण, सुती कापडावर सुंदर आकाशी. साबणाच्या पाण्यात गेली की हिरवट, लिंबू लागलं की जांभळी-गुलाबी. बाळाच्या दुपट्याला दिवसातून चार वेळा साबण लागणार. सरबतात छान लागते, तिथेच राहू दे. जास्वंदीचीही हीच तऱ्हा.

नोव्हेंबर

टेकडीच्या पायथ्याशी रस्त्याकडेला जो पिवळा-नारिंगी कॉसमॉस माजतो, तो आपल्याकडचा नाही, मूळ मेक्सिकोचा (झेंडूही तिथलाच, पण हे दसऱ्याला कुणाला सांगायला जाऊ नका). रान होऊन पसरलेलं झाड आहे, ओरबाडलं तरी मनाला लागत नाही. आणि छाप उठवायला याच्याइतकं फूल माझ्या पाहण्यात नाही.

हिरडा-तुरटी दिलेलं ओलं कापड पसरलं, त्यावर फुलं पालथी मांडली, जुन्या लाटण्यावर घट्ट गुंडाळलं आणि सुतळीने करकचून बांधलं. जितकं घट्ट तितकी कड स्वच्छ. मग तासभर वाफ. मोदकपात्राशिवाय माझ्याकडे एवढं लांब काही नव्हतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "चतुर्थीला मोदक कशात करणार आहेस?" मी म्हटलं, "आई, नवीन आणते." "आण. पण ते हे नव्हे, आधीच सांगते, मला पितळेचं हवं." म्हणजे एका छापाची किंमत एक पितळी मोदकपात्र. पण रंगाचं भांडं स्वयंपाकाला परत वापरायचं नाही हा नियम पक्काच आहे, तिथे घासाघीस नाही.

गुंडाळी रात्रभर तशीच ठेवली. उघडली तर आठ-आठ पाकळ्यांची नारिंगी फुलं, काहींच्या तर पाकळ्यांच्या शिरासुद्धा उमटलेल्या. दोन ठिकाणी फुलं सरकून फराटे पडले. तो भाग कापला.

डिसेंबर: उन्हाची परीक्षा

प्रत्येक रंगाची बोटभर पट्टी, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकलेली, पश्चिमेच्या खिडकीत तीन आठवडे. हे केल्याशिवाय कुणाला काही भेट देऊ नका अशी माझी हात जोडून विनंती आहे.

झेंडू-मेंदी: झाकलेला आणि उघडा भाग ओळखू येत नाही. झेंडू-पिवळा: जरासा उतरला, पण देखणा उतरला. कॉसमॉस: बरा. गोकर्ण: करडी धूळ. पारिजातक: झाकलेल्या भागात केशरी आणि उघड्या भागात जवळपास मूळचं पांढरं रेशीम.

त्या पट्टीकडे मी बराच वेळ बघत होते. तीन आठवड्यांच्या पहाटा होत्या त्यात. सगळ्यात सुंदर निघालेला रंग दुपट्यातून बाद. रेशमाचा तुकडा काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

मार्च, पहिला आठवडा

गोंदियाहून मामेबहिणीने पळसाची वाळलेली फुलं पाठवली, तांदळाच्या पिशवीत दाबून भरलेली. तिकडे फेब्रुवारी सरता सरता पळस पेटतो. पुण्यात बसून मी नुसती वाट बघत होते. फुलं रात्रभर भिजवली, सकाळी शिजवली. नुसत्या तुरटीच्या कापडावर रंग पिवळा येतो आणि नवखी माणसं इथेच नाराज होतात: एवढं लालभडक फूल आणि हे काय? चिमूटभर खायचा चुना पाण्यात कालवून, निवळी काढून ती टाका. पाणी क्षणात केशरी-तांबूस होतं. रंगपंचमीला जुनी माणसं हेच करत. चुना सुतालाच, रेशमाला नको. माझा अखेरचा रंग पिकलेल्या जर्दाळूसारखा आला. उन्हात हा थोडा उडेल, पट्टी अजून खिडकीत आहे. पण थांबायला वेळ नाही.

मार्च, दुसरा-तिसरा आठवडा: शिवण

माप ३२ बाय ४० इंच. आत आईच्या सुती साडीचे दोन थर, पाठीला साधं धोतर, वर रंगीत तुकडे. मध्यभागी कॉसमॉसचा छाप, भोवती पिवळा आणि मेंदी, कडेला पळस. ग्रिलच्या पट्ट्यांचा तो तुकडा झेंडूत बुडवून घेतला होता. पिवळ्यावर करडे आडवे पट्टे, आता तो बाजूच्या दोन चौकटींत आहे. धावदोरा बोटभर अंतराने, कडेकडून आत.

नियम मोडला तो इथे. छापाच्या वर मला ताम्हणाचं फूल भरायचं होतं, राज्याचं फूल म्हणून नव्हे, भाचीच्या अंगणात ते आहे म्हणून. सहा चुणीदार पाकळ्या, त्यासाठी काजटाका चांगला बसतो, कड जरा वेडीवाकडी येऊ द्यायची. पण तो जांभळा धुण्यात टिकेल असा मला एकाही फुलातून मिळाला नाही. सरळ तुळशीबागेतून जांभळी लडी आणली.

कोपऱ्यांसाठी मात्र एक युक्ती सापडली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ भागात, सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका गोधड्या शिवतात, त्यांना त्या कवंदी म्हणतात. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोण शिवतात, एकावर एक थर, आणि त्या त्रिकोणांना म्हणतात फुलं. फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी, नागडी. हे आठवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी उठून कपाट उघडलं.

पारिजातकाच्या रेशमाचे चार त्रिकोण कापले. खाली मेंदी, मध्ये पारिजातक, वर पिवळा. तिन्ही थरांच्या कडा आत दुमडल्या, फक्त वरच्या थराच्या टोकाशी बोट घातलं तर केशरी दिसतं. ऊन तिथे पोचत नाही. साबण पोचेल, म्हणून आधी एक चिंधी थंड पाण्यात रिठ्याने पाच वेळा धुऊन पाहिली. फिकी झाली, पांढरी नाही झाली.

बाळ १९ मार्चलाच आलं. मुलगी. बारसं ३० ला. दोन कोपरे झालेत, दोन राहिलेत, आणि आज सुईच्या नाकातून रेशमी दोरा जाईना म्हणून चष्मा शोधतेय.