दगडांच्या रिंगणातलं 'रेड लायन'

इंग्लंडमधल्या खेड्यात पब शोधत हिंडावं लागत नाही. चर्चचा मनोरा दिसला की आसपास कुठे तरी पाटी लोंबत असतेच. दुसऱ्या रिचर्डने 1393 साली दारू विकणाऱ्यांना दारावर खूण लावायची सक्ती केली. अक्षरशत्रूलाही चित्रातला सिंह ओळखता यायचा. विल्टशायरमधल्या एव्हबरीतला लाल सिंह मात्र भलत्याच जागी बसलाय. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड दगडांच्या रिंगणात हा पब आहे, निम्मं गाव आहे आणि मधून मोटारींचा रस्ताही जातो.

गवताने शाकारलेलं हे घर मूळचं शेतकऱ्याचं. आत एक खोल विहीर आहे. वर काच टाकून तिचं टेबल केलंय. फ्लॉरी नावाच्या बाईला नवऱ्याने तिच्यात लोटलं आणि ती अजून दाढीवाल्या पुरुषांच्या मागावर असते, असं म्हणतात. गोष्ट सतराव्या शतकातली. बाहेरच्या दगडांच्या हिशेबात ही कालची सून!

स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या दुसऱ्या प्रसिद्ध दगडी रिंगणात दगड दुरूनच बघायचे. इथे मेंढ्या त्यांना अंग घासतात आणि आपणही खुशाल टेकावं. जवळच सिल्बरी टेकडी आहे, माणसांनी रचलेली, सुमारे 40 मीटर उंच. ती कशासाठी रचली, याचं उत्तर खणूनही मिळालेलं नाही. मला ते बरंच वाटतं.

पण हा शेजार नेहमी असा गोडीगुलाबीचा नव्हता. मध्ययुगात लोकांनी कितीतरी दगड पाडून पुरले. पुढे आग लावून, तापल्यावर थंड पाणी ओतून ते फोडले आणि त्यातून घरं बांधली. 1938 साली एका पुरलेल्या दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला. जवळ कात्री होती आणि चौदाव्या शतकातली नाणी.

तो सापडला अलेक्झांडर कायलर या हौशी पुरातत्त्वज्ञामुळे. घरचा धंदा मार्मलेडचा, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याचा. त्या पैशातून त्याने इथली जमीन घेतली, पुरलेले दगड उकरून उभे केले, हरवलेल्यांच्या जागी काँक्रीटच्या खुणा लावल्या. मोकळी जागा हवी म्हणून रिंगणातली काही घरं पाडलीही. आधी घरांसाठी दगड फोडले, मग दगडांसाठी घरं पाडली. रेड लायनला मात्र कुणी हात लावला नाही. पुरातत्त्वज्ञांनाही तहान लागत असणार.