कूलरचं गवत आणि माझा शहाणपणा

आज नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात चक्क थैली घेऊन गेलो. भाजीवाल्या मावशींनी सवयीनं प्लॅस्टिकची पन्नी फडकावलीच. "पन्नी नको जी," म्हटलं. "सांबार ओला आहे बाप्पा, बाकीचं भिजन!" शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेपरात गुंडाळून दिला. राज्यात पन्नीबंदी २०१८ ची, सवयी मात्र त्याच्या आधीच्या. माझ्याही.

खरी फजिती घरी. पाणी शुद्ध करणारा आरओ एक लिटर पाणी द्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. माझा जीव तुटायचा, म्हणून महिनाभर ते पाणी कूलरमध्ये ओतत होतो. आज जाळी उघडली, तर गवतावर पांढरे खवले! हात लावला की कुरकुर आवाज. पंपाचं तोंडही चोंदलेलं. आरओनं वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. पाणी उडून जातं, क्षार गवतावर बसतात. एवढं साधं सुचलं नाही. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "इंजिनिअर ना तू?"

पंप लिंबाच्या पाण्यात भिजत घातलाय. आरओचं पाणी आता फरशी पुसायला आणि संडासात, कूलरला नळाचंच.

उद्या नवीन गवत आणायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, जातोय. ते काही थैलीत मावणार नाही.