निळ्या पडद्यावरचे दहा सेकंद

बाबांचा लॅपटॉप २०१६ सालचा. सोसायटीचे हिशेब, पावत्या, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यातच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर नाही. यंत्र मात्र ठणठणीत. ते भंगारात काढायला मन होईना, म्हणून विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. बाबा एवढंच म्हणाले, "काहीही कर, पण माझा हिशेब जाता कामा नये." आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, मगच मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावला.

मिंटचं चिन्ह उमटलं आणि पडदा काळा झाला. पोटात गोळाच आला. पण कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत होता. म्हणजे आत सगळं चालू होतं, फक्त चित्र येत नव्हतं. पेनड्राइव्हच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आहे, त्यातून इन्स्टॉल झालं. नव्या सिस्टिमच्या पहिल्या बूटला पुन्हा काळोख. मग ग्रब या सुरुवातीच्या मेनूवर 'ई' दाबून, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतलं 'क्वाएट स्प्लॅश' काढून तिथे 'नोमोडसेट' (साध्याच चित्रावर चालव, अशी सूचना) लिहिलं आणि एफ१० दाबलं. अक्षरं मोठी, रंग फिके, पण डेस्कटॉप आला. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, खरा उपाय ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर.

ड्रायव्हरला इंटरनेट हवं आणि वायफाय तर दिसतच नव्हतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, लगेच नेट आलं. (लिनक्स टाकताना डेटा केबल हाताशी ठेवाच.) ड्रायव्हर मॅनेजरमधून ग्राफिक्सचा आणि वायफायचा, दोन्ही ड्रायव्हर घेतले. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, तो ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला, दहापासून उलटे आकडे सुरू झाले. भलतंच काही दाबलं तर बाबांचा हिशेब जाईल या धास्तीने मी हातच लावला नाही. दहा सेकंद संपले, मिंट सुरू झालं. पडदा आता स्वच्छ होता, पण वायफाय नाही.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, तरी तेच. शेवटी टर्मिनलमध्ये 'मॉडप्रोब' या आज्ञेने तो हाताने चढवून पाहिला, तेव्हा उत्तर मिळालं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. चावी नाकारली!

मग उलगडा झाला. सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारं संरक्षण) चालू असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त ओळखीच्या चावीने सही केलेले ड्रायव्हर आत घेतो. वायफायचा ड्रायव्हर याच लॅपटॉपवर कंपाइल झाला होता, म्हणजे इथेच बांधला गेला होता, आणि त्यावर इथेच तयार झालेल्या चावीची सही होती. ती चावी विश्वासाची आहे असं यंत्रासमोर बसलेल्या माणसानेच सांगायचं असतं. निळा पडदा त्यासाठीच होता, पासवर्डही त्यासाठीच.

सिक्युअर बूट बंदच करून टाक, असा सल्ला मिळाला होता. मला तो पटला नाही. ते संरक्षण कामाचं आहे. शिवाय विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपाने बंद असेल तर अशा बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती किती जणांनी जपून ठेवलेली असते? मी 'मोकयूटिल' या आज्ञेने चावी पुन्हा नोंदणीला दिली, रीस्टार्ट केलं आणि निळा पडदा येताच कळ दाबली. एनरोल मोक (म्हणजे चावी नोंदवा), कंटिन्यू, यस, पासवर्ड, रीबूट. वरच्या मजल्यावरच्यांचं वायफायसुद्धा यादीत दिसलं!

हिशेबाच्या फाइली मिंटमधून उघडत होत्या, पण सेव्ह होत नव्हत्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउननंतरही डिस्कवरचा विंडोजचा भाग अर्धवट झोपलेला राहतो, म्हणून लिनक्स त्यात लिहीत नाही. विंडोजमध्ये जाऊन ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विंडोज उघडलं आणि हाक मारली, "अगं, दहा वाजलेत, यात साडेचार दाखवतंय." बरोबर साडेपाच तासांचा फरक! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ची एक आज्ञा देऊन ते घड्याळ भारतीय वेळेवर आणलं. त्या दुपारी बाबांनी ऑक्टोबरच्या पावत्या मिंटमधूनच छापल्या.