लपून बसणाऱ्या मांजरीला घर कोण देतं?

बडोद्यात मी मांजरींच्या शेल्टरमध्ये काम करते हे कळलं की एक प्रश्न ठरलेला असतो. पिल्लांचं ठीक आहे, ती कुणीही हौसेनं नेतं. पण चांगली पाच-सहा वर्षांची मांजर कुणी आणून सोडली आणि आल्या दिवसापासून ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसली, तर तिला कोण नेणार? तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घर मिळतं. आणि ते शोधायची सुरुवात मांजर आणून सोडणाऱ्या माणसापासून होते. हे अनेकांना रुचत नाही. सोडणाऱ्यांबद्दल आपल्या मनात राग असतो, आणि तो मला कळतो. पण मांजर नकोशी झाली की पोत्यात घालायची आणि नदीपलीकडे सोडून यायचं, हा प्रकार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, तरीही चालतो. जो माणूस तसं न करता आमच्या दारात येतो, नाव-पत्ता सांगतो, फॉर्म भरतो, त्याला मी आधी खुर्ची देते, पाणी देते. त्याला फैलावर घेतलं तर तो ‘चांगली आहे हो, काही त्रास नाही तिचा’ एवढं बोलून पाय काढता घेतो, आणि मांजरीबद्दल जे फक्त त्यालाच ठाऊक होतं ते कायमचं त्याच्याबरोबर जातं.

ठमीचंच घ्या. दांडिया बाजारातल्या एका काकूंची ही मांजर. करड्या पट्ट्यांची, पंजे पांढरे, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. काकूंचा वाडा बिल्डरकडे गेला, त्या पुण्याला मुलाकडे निघाल्या, आणि तिथे नातवाला दमा. कुणावर चिडायचं यात?

शेल्टरच्या पिंजऱ्यात ठमी वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसली. घाबरलेल्या मांजरी हे हमखास करतात, कारण पिंजऱ्यात कड असलेली, अंगाला टेकू देणारी तेवढी एकच वस्तू असते. बघायला येणाऱ्यांना दिसायचा वाळूतला एक करडा गोळा, आवळून घेतलेली शेपूट आणि काळेभोर झालेले डोळे. ‘आजारी आहे का?’ असं विचारून लोक पुढच्या पिंजऱ्याकडे वळायचे.

काकूंनी मात्र मला वेगळीच मांजर सांगितली होती. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून त्या झोपाळ्यावर बसल्या की ही झोपाळ्याखाली येऊन बसायची. पाहुणे आले की माळ्यावर. कुकरच्या शिट्टीला भ्यायची नाही, पण कुणी वरून हात आणला की पसार. ‘पाठीवरून हात नको फिरवूस, गालाला बोट लाव, मग बघ,’ असं त्या म्हणाल्या. उचलून घेतलेलं खपायचं नाही, पण रात्री पायाशी झोपायची. आणि जेवण पसरट ताटलीतच, वाटीत तोंड घालणार नाही.

शेवटच्या वाक्याचा उपयोग तर दुसऱ्याच दिवशी झाला. ठमीनं वाटीतल्या खाण्याला तोंड लावलं नव्हतं. मांजरीचं न खाणं सहज घेऊन चालत नाही. काही दिवस उपाशी राहिली, त्यातून ती लठ्ठ असली, तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि जिवावर बेततं. आम्ही पसरट ताटली ठेवली, वर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला, दिवे मालवले. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ होती.

मांजर लपते म्हणजे ती बिघडली असं नव्हे, नव्या जागेशी जुळवून घ्यायची तिची रीतच ती. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये 19 नव्या मांजरींवर याचा अभ्यास झाला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरींचा ताण पहिल्या काही दिवसांत लवकर उतरला. म्हणजे तोंड लपवायला जागा दिली तर ती लवकर बाहेर येते. आम्ही ठमीला पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालून दोन बाजूंनी भोकं पाडून दिलं आणि आत काकूंची जुनी साडी घातली. न धुतलेली. हे मी मुद्दाम मागून घेते, कारण धुतलेल्या साडीला घराचा वास राहत नाही.

आता जाहिरात. ‘खूप गोड, प्रेमळ, लगेच मिसळणारी’ असं सगळ्याच मांजरींबद्दल लिहायची पद्धत पडली आहे. भित्र्या मांजरीचं यानं फार नुकसान होतं. असलं वाचून नेणारा दोन दिवसांत वैतागतो, मांजर परत येते आणि पुढच्या वेळी आणखी आत शिरते. ठमीसाठी आम्ही लिहिलं: ‘ही मांजर तुम्हाला बरेच दिवस दिसणार नाही. शांत घर हवं, लहान मुलं नकोत, दुसरी जनावरं नकोत. विश्वास बसला की संध्याकाळी तुमच्याजवळ येऊन बसेल. उचलून घेता येणार नाही.’ फोटोही पिंजऱ्यातला नव्हता. काकूंच्या फोनमध्ये झोपाळ्याखाली पाय पसरून लवंडलेली ठमी होती, तोच टाकला. सोडायला येणाऱ्या प्रत्येकाकडे मी घरातले फोटो मागते. मांजर खरी कशी आहे त्याचा तेवढाच पुरावा असतो.

फोन कमी आले, आणि ते बरंच झालं. एकांना गोदामात उंदरांसाठी हवी होती. एका घरात जुळी मुलं नुकती धावायला लागलेली. दोन्हींना नाही म्हटलं. मग कारेलीबागेतल्या एका बाईंचा फोन आला. त्या घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहितात, एकट्याच असतात. त्यांनी ‘किती दिवसांत माणसाळेल?’ असं विचारलं नाही. ‘तिला लपायला कुठली जागा करून ठेवू?’ असं विचारलं. माझा निर्णय तिथेच झाला.

तरी मांजर लगेच दिली नाही. बडोद्यात भित्र्या मांजरीचं घर बदलायचं तर पंचांग बघावं लागतं! नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरब्याचे लाउडस्पीकर, पाठोपाठ दिवाळीचे फटाके, आणि 14-15 जानेवारीला उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. दिवसभर गच्चीगच्चीवर आरडाओरडा, पिपाण्या, गाणी. अशा गोंधळात अनोळखी घरात गेलेली मांजर एखाद्या फटीतून निसटली की सापडणं मुश्कील. म्हणून वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, उलटल्यावरच पाठवली. तोवर बाई आठवड्यातून एकदा येऊन पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसायच्या. मी त्यांना सांगितलं होतं, टक लावून बघू नका, डोळे अर्धवट मिटा आणि हळूच उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं 2020 मध्ये हे तपासून पाहिलंय. असे डोळे मिचकावणाऱ्या माणसाकडे, अनोळखी का असेना, मांजर जायला जास्त तयार होते.

बाई शाकाहारी. दही-भात, खिचडी चालेल का, असं त्यांनी विचारलं. हे मात्र मी कुणाच्याच बाबतीत सोडत नाही. मांजर मांस खाणाराच प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की नजर जाते आणि हृदय दुबळं होतं. हृदयाचं 1987 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरीच्या खाण्यात ते वाढवलं. घरात मांस शिजवायची गरज नाही, पाकिटातलं कोरडं खाणं पुरतं. बाईंनी त्यासाठी वेगळा डबा आणि वेगळा चमचा केला.

पहिले काही आठवडे एकच खोली. पलंगाखाली तेच खोकं, तीच साडी, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, त्यापासून लांब ताटली, खिडकीला जाळी. दार उघडं टाकायचं नाही, कारण मांजर जुन्या घराची वाट शोधत निघते. कारेलीबागेपासून दांडिया बाजार काही फार लांब नाही, आणि ठमीचा वाडा तर तोवर जमीनदोस्त झाला होता.

बाई वही घेऊन त्या खोलीत जमिनीवर बसायच्या आणि आकडे पुटपुटत बेरजा करायच्या. तेवढाच आवाज. आधी ताटली फक्त रात्री रिकामी व्हायची. मग दिवसाउजेडी खोक्यातून पंजा दिसायला लागला. ज्या संध्याकाळी ठमी बाहेर येऊन वहीच्या कडेला बसली, तेव्हा बाईंनी पाठीला हात लावला नाही, गालाला बोट लावलं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि मी लगेच पुण्याला काकूंना कळवलं.

सगळ्याच ठमी इतक्या लवकर बाहेर येत नाहीत. काही वर्ष वर्ष घेतात, काहींना दुसरं घर बघावं लागतं. म्हणून आमच्या कागदावर लिहिलेलंच असतं, नाही जमलं तर मांजर आमच्याकडेच परत आणायची, कुणी बोल लावणार नाही. ते वाचून लोक निर्धास्त होतात आणि घाईनं हार मानत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या ओळखीत कुणावर मांजर सोडायची वेळ आलीच, तर त्यांना माझ्या वतीनं एवढं सांगा. आदल्या दिवशी फोन करून या. तिची ताटली आणा, न धुतलेलं अंथरूण आणा, लसीचे कागद आणा, फोनमधले घरातले फोटो आणा. आणि तासभर वेळ काढून या, मला खूप काही विचारायचं असतं.